गाडीचे पुढचे शॉकअप : घरी काय करावं, गॅरेजवर काय सोडावं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत एका सभासदाने दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेत याआधी मधुमेहावर बोलणं झालं, मृत्युपत्रावर झालं, गच्चीवरच्या बागेवर झालं. आज शॉकअपवर आहे. विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण मंडळी, पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर आणि सायकली जास्त होत्या. आज संध्याकाळी सात वाजता खाली उतरून बघा, चारचाकीला वाट काढायला जागा नाही. आणि सुट्टीच्या दिवशी कोणी ना कोणी गाडीचा टप उघडून, मोबाईल रेडिएटरवर टेकवून, व्हिडिओ बघत पाने फिरवत असतो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड बरीच वर्षं शिकवला, त्यामुळे कोणी हाताने काम करताना दिसलं की मला आनंदच होतो. त्याला 'करू नको' असं मी कधी म्हणणार नाही. पण कुठपर्यंत करायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगणं माझं काम आहे. आजचं सगळं भाषण एवढ्यासाठीच आहे.

आपल्याकडे शॉकअप लवकर का जातात?

जळगाव ते धुळे हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. आपल्यापैकी निम्म्या घरांचे सोयरे त्या रस्त्यावर आहेत. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि मग धुळे. पूर्वी आपण त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचो, आता तो ५३ नंबरचा झाला. तरसोद ते फागणे या टप्प्याचं चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, ते सांगायला नको. डायव्हर्जन, खडी, खोदलेली बाजू, पुन्हा डायव्हर्जन. तिकडे अजिंठ्याच्या रस्त्याचेही हाल आपण भोगले.

त्यात आपली जमीन काळी. कापसाला फार चांगली, रस्त्याला फार वाईट. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालची मातीच दरवर्षी अशी वर-खाली होत असेल आणि पाया नीट केलेला नसेल, तर वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा दिसतो म्हणून आपण ब्रेक मारतो. लाट दिसत नाही, तिच्यावरून गाडी ऐंशीने जाते आणि तो मार पुढचे शॉकअप खातात. वर आपला मे महिना. ४५ अंशांत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी बुश, बूट, माउंट कडक होतात, तडकतात. बूट फाटला की धूळ आत जाते, धुळीने दांडा खरवडतो, दांडा खरवडला की सील जातं, आणि सील गेलं की तेल बाहेर.

आणखी एक कारण घरचंच आहे. भारतीय रोड काँग्रेसने स्पीड ब्रेकरचं माप ठरवून दिलेलं आहे. साधारण वाहतुकीसाठी तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी अलगद जाते. आता आपल्या गल्लीतले ब्रेकर आठवा. उरलेल्या काँक्रिटची एक हातभर रुंद वरवंट्यासारखी ओळ! त्यावरून रोज चार वेळा जाणारी गाडी वर्षाला किती धक्के खाते, हिशेब तुम्हीच करा.

हा भाग नेमका करतो काय?

आपण सरसकट शॉकअप म्हणतो, पण छोट्या गाडीच्या पुढच्या बाजूला जे असतं त्याला स्ट्रट म्हणतात. एकाच खांबात तीन कामं असतात. भोवतीची स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. आतला तेलाचा दांडा स्प्रिंगची उडी आवरतो, म्हणजे तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. आणि स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांब चाकाबरोबर फिरतो, म्हणून वरती बेअरिंग असतं.

ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये तो 'शेव्हरोले कॅडेट' नावाच्या छोट्या, स्वस्त गाडीवर काम करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही. १९४७ मध्ये तो फोर्डमध्ये गेला, आणि १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सुल व झेफिर या गाड्यांत त्याचा स्ट्रट बसला. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरला किंवा पद्मिनीला पुढे हा प्रकार नव्हता. घराघरांत तो पोचवला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, तेव्हापासून अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांच्या पुढे हाच खांब आहे.

म्हणून शॉकअप जाणं म्हणजे फक्त पाठ दुखणं नव्हे. स्प्रिंगची उडी आवरायला कोणी उरलं नाही की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, थोडं थोडं उचललं जातं. उचललेलं चाक ब्रेकही लावत नाही आणि वळतही नाही. पारोळ्याच्या अलीकडे समोर अचानक ट्रॅक्टर वळला, तर गाडी थांबायला लागणारं अंतर वाढलेलं असतं.

ओळखायचं कसं? चाकामागे वाकून बघा. खांबावर ओलं, तेलकट, वर धुळीचा थर बसलेला दिसला तर सील गेलं. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसते. ब्रेकर ओलांडल्यावर एकदाच बसायच्या ऐवजी दोन-तीनदा झुलते. टायरवर हात फिरवला की उंच-खोल लाटा लागतात. बारीक खड्ड्यात 'खट्-खट्' येतं. जागेवर स्टिअरिंग फिरवताना 'कट्ट' असा आवाज आला तर वरच्या माउंटवर आणि बेअरिंगवर संशय घ्या. मात्र 'खट्-खट्' म्हणजे दर वेळी शॉकअपच असं नाही. लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट हेही तसेच बोलतात. आधी नीट तपासा, मग पैसे खर्च करा.

तीन जागा, जिथे जीव जातो

आता मुद्द्यावर येतो. स्ट्रट काढणं अवघड नाही. खाली चाकाच्या नकलला धरणारे दोन बोल्ट, वर बॉनेटच्या आत दोन किंवा तीन नट, मध्ये ब्रेकच्या पाइपची एक क्लिप. एवढंच. सोपं दिसतं म्हणूनच लोक हात घालतात. पण या कामात माणसाला इजा करू शकणाऱ्या तीन गोष्टी आहेत : गाडीचं वजन, दाबलेली स्प्रिंग आणि नीट न आवळलेला नट. पहिली आणि तिसरी आपल्याला घरी सांभाळता येते. दुसरी घरी सांभाळता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की स्ट्रट अख्खा काढा, स्प्रिंगसकट. तो पोत्यात घालून गॅरेजवर न्या, स्प्रिंग तिथल्या यंत्रावर बदलून घ्या आणि परत आणून स्वतः बसवा. काम शिकलात, मजुरी वाचली, आणि धोक्याचं काम धोक्याच्या जागी झालं.

स्प्रिंगचा हिशेब ऐका. समजा ती एक सेंटिमीटर दाबायला वीस किलो लागतात. वरचं माउंट सोडवण्यासाठी ती दहा सेंटिमीटर दाबलेली आहे. म्हणजे दोनशे किलोंचा जोर झाला. ही ताकद एकदम सुटली तर दोन किलोंची स्प्रिंग सरळ पाच मीटर वर जाईल, पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यापेक्षा वर. आणि आपण तर तिच्यावर तोंड वाकवून बसलेले असतो.

आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. कापसाची गाठ पट्ट्यांनी आवळलेली असते. पट्टी कापणारा माणूस कधी समोर उभा राहतो का? बाजूला राहतो. आणि आयाबायांना सांगायची गरजच नाही, शिट्टी न निघालेल्या कुकरचं झाकण कोणी उघडत नाही. स्ट्रटच्या वर मधोमध जो एक मोठा नट असतो, तो या कुकरचं झाकण आहे. त्याच्या भोवतीचे दोन-तीन छोटे नट गाडीच्या पत्र्याला धरतात, ते आपण काढायचे. मधला नट स्प्रिंगला धरतो, त्याला हात लावायचा नाही. गाडीवर असताना नाही, खाली काढल्यावरही नाही. मुलांनो, तुम्हीही ऐका : पप्पांनी पाना मधल्या नटावर लावला तर तुम्ही ओरडायचं.

बाजारात दोन लांब स्क्रू आणि आकडे असलेला स्प्रिंग दाबायचा साचा मिळतो. मी तो घरगुती वापरासाठी सुचवत नाही. आकडा गोल तारेवरून सरकतो, एक बाजू जास्त आवळली गेली की स्प्रिंग वाकते, आटे झिजलेले असतील तर ते सुटतात. दोर, तार, साखळी यांनी स्प्रिंग बांधून नट उघडण्याचा उद्योग तर करूच नका.

गाडी उचलताना

मे महिन्यात काम असेल तर सकाळी सहाला सुरू करा. दहानंतर पत्रा आणि पाने हातात धरवत नाहीत, आणि घाई झाली की चूक होते. जागा सपाट हवी. रॅम्पवर, गेटजवळच्या उतारावर अजिबात नाही. आपल्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत, ते टोकाच्या वजनाखाली बसतात. डांबर उन्हात मऊ होऊन जॅकचा पाय आत घेतं. म्हणून जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड, सपाट लाकडी फळी हवी. विटा, सिमेंटचे ब्लॉक, फरशीचे तुकडे गाडीखाली आधाराला ठेवू नका. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात.

आपल्याकडे अनेकांना गाडी गिअरमध्ये टाकून सोडायची सवय आहे. छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. पुढची चाकं उचलली की गिअर हवेत, त्याचा उपयोग शून्य. तेव्हा हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ओट लावा. दगड नको, लाकडी पाचर चांगली.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा. गाडीबरोबर मिळालेला जॅक पंक्चर काढण्यासाठी असतो. पंक्चरच्या वेळी आपण गाडीला जोर लावत नाही. इथे मात्र नकलचे बोल्ट गंजलेले असतात, ते सोडवायला आपण पाय टेकवून पाना ओढतो, गाडी आडवी हलते, आणि छोट्या बुडाचा जॅक कलंडतो. छोट्या गाडीचं वजन साडेसातशे-आठशे किलो धरा. त्यातलं साठ टक्के पुढे, म्हणजे एका पुढच्या चाकावर सव्वादोनशे-अडीचशे किलो. ते हातावर घ्यायचं का, एवढंच ठरवा.

म्हणून जॅकने फक्त उचलायचं आणि वजन घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर ठेवायचं. दोन्ही बाजूंना एकेक. त्यावर किती टनांसाठी आहे ते लिहिलेलं बघून घ्या. गाडी टेकल्यावर हाताने जोराने हलवून पाहा. हलायची असेल तर आत्ताच हलू दे. काढलेली चाकं आडवी करून उंबऱ्याच्या पत्र्याखाली सरकवून ठेवा, म्हणजे काही घसरलंच तर गाडी चाकावर येईल. आणि लक्षात घ्या, या कामाला गाडीखाली जावं लागतच नाही. सगळं चाकाच्या कमानीबाहेर बसून होतं. डोकं, छाती गाडीखाली नको, 'एक मिनिट बघतो' म्हणूनही नको.

पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. लुंगी, ओढणी, सैल बाह्या नकोत. एक माणूस सोबत हवाच. आणि काम चालू असताना भोवती दोरी बांधा, वॉचमनला सांगून ठेवा. क्रिकेटचा बॉल गाडीखाली गेला की मूल त्याच्यामागे जातंच, त्याला घोडी-बिडी कळत नाही.

काढणं आणि बसवणं

अगदी आधी बॉनेट उघडून वरचे छोटे नट ओळखा आणि पुसून घ्या. खालच्या दोन बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नकल आणि स्ट्रट जिथे जुळतात तिथे खडूने किंवा रंगाने रेघ मारा, बसवताना चाकाचा कल जवळपास जागेवर येतो. फोटो काढा.

ब्रेकच्या पाइपची क्लिप आणि असेल तर एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. काही गाड्यांत लिंक रॉडही स्ट्रटलाच असतो, तो सोडवा. खालच्या बोल्टांची डोकी धरून ठेवा आणि नट फिरवा. बोल्ट अडला तर लाकूड मध्ये धरून ठोका. आच देऊ नका : शेजारी रबरी ब्रेक पाइप आहे, बेअरिंग आहे, आणि स्ट्रटमध्ये तेल व दाबाखालचा वायू आहे.

बोल्ट निघण्याआधी नकलला सुतळीने नव्हे, मजबूत दोराने किंवा तारेने वर बांधून घ्या. मोकळी नकल बाहेर कलली तर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि एक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. मग एकाने खालून स्ट्रट दोन्ही हातांनी धरायचा आणि दुसऱ्याने वरचे छोटे नट काढायचे. शेवटचा नट निघाला की स्ट्रट खाली येतो, धरणारा तयार हवा.

गॅरेजला आधीच फोन करून वेळ घ्या. गाडी घोड्यांवर तासन्‌तास एकटी ठेवू नका, एकाने तिथे थांबायचं. गॅरेजवर स्प्रिंग काढल्यावर वरचं माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉपर आणि बूट बघून घ्या. रबर तडकलेलं असेल तर आत्ताच बदला, पुन्हा एवढं सगळं उघडायचं नाही. नवा स्ट्रट उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर करा, म्हणजे तेलात अडकलेली हवा निघते. दांडा पकडीने धरू नका, ओरखडा पडला की सील गेलंच समजा. डावा-उजवा वेगळा असतो, खूण बघा. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत बसलं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच तिथून निघा.

बसवताना उलट क्रम. आधी वरचे नट हाताने, मग खालचे बोल्ट हाताने, सगळं जागेवर आल्यावर आवळणं. लॉकिंगचे नट शक्यतो नवे घ्या. ब्रेकचा पाइप पिळलेला नाही, चाकाला घासत नाही, हे स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघा.

आता तिसरी जागा : नट. 'चांगला कचकचून आवळला' हे माप नाही. टॉर्क पाना वापरा, एखाद्या ओळखीच्या गॅरेजमधून दोन तासांसाठी मागून आणा. प्रत्येक बोल्टचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चाकाचे नट बऱ्याच छोट्या गाड्यांत ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, आणि ते समोरासमोर, आलटून-पालटून आवळायचे. कमी आवळलेला नट रस्त्यात सुटतो, जास्त आवळलेल्याचे आटे जातात आणि तोही सुटतो. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका द्या. ठिपका नाही तो राहिला. मधेच चहा आला, फोन आला, तरी चूक होत नाही.

गाडी खाली घेतल्यावर निघण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा. आधी आवारात दहाच्या वेगाने, मग रस्त्यावर. त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. आणि हे होईपर्यंत सोयऱ्यांकडे धुळ्याला निघू नका.

जुना स्ट्रट कापू नका, भोक पाडू नका, शेकोटीत टाकू नका. आत दाब असतो. भंगारवाल्याला देताना तसं सांगा.

सोसायटीकडे तीन मागण्या

पहिली. आवारात सपाट काँक्रिटची एक जागा अशा कामासाठी ठरवून द्या, आणि तिथे काम करण्याआधी ऑफिसात नोंद करायची पद्धत ठेवा. दुसरी. वर्गणीतून दोन चांगल्या घोड्या, चार लाकडी ओट आणि एक टॉर्क पाना घ्या. शिडी आणि पाण्याचा पाइप जसा सगळ्यांसाठी आहे, तसा हा संच राहील. माणूस जॅकवर काम करतो ते बहुतेक वेळा घोडी विकत घ्यायचा कंटाळा म्हणून. तिसरी. गेटजवळचे ते दोन वरवंटे फोडून मापाचा एक ब्रेकर करा. त्यात सगळ्यांच्या गाड्यांचं आणि स्कूटरवर मागे बसणाऱ्या आजींच्या कमरेचंही भलं आहे.

सभेत विचारलेले काही प्रश्न

एकच शॉकअप गळतोय. एकच बदलला तर?
पुढचे दोन्ही बरोबर बदला. एक नवा, एक थकलेला असला की जोरात ब्रेक मारताना दोन बाजू वेगळ्या वागतात, गाडी एका अंगाला ओढते.

जुना उघडून तेल भरून देणारे आहेत, स्वस्तात होतं.
स्कूटरचं ठीक आहे. गाडीचा आजचा स्ट्रट बहुतेक सीलबंद असतो, आत ठरलेलं तेल, ठरलेला वायू आणि झडपा असतात. त्या बाहेर पुन्हा तशाच जुळत नाहीत. चार महिने आवाज बंद होतो, पण चाक आवरलं जात नाही. मी घेणार नाही.

सर, आम्ही गाडी चालवतो, पाना कधी हातात घेणार नाही. आम्हाला याचा काय उपयोग?
ताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गॅरेजमध्ये चार गोष्टी विचारा : गळती मला दाखवा, दोन्ही बाजू बदलताय ना, माउंट-बेअरिंगची स्थिती काय, आणि अलाइनमेंटची छापील पट्टी द्या. असे प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मेकॅनिक जरा नीट करतो.

जिभाऊ, स्प्रिंगचं यंत्र जवळपास कुठेच नसेल तर?
तर खांब काढू नका. गाडी हळू चालवत तशीच गॅरेजवर न्या आणि सगळं काम तिथेच करा. त्यात कमीपणा काही नाही.

मंडळी, वेळ संपत आली, भरीत-पुरीचा वास इथपर्यंत येतोय. हाताने काम करा, पोरांना सोबत बसवून पाने ओळखायला शिकवा. फक्त तो मधला नट तेवढा सोडून द्या.